काचबिंदूच्या नळीनंतरची वर्षे



नेत्रशिबिर म्हटले की आपल्या समाजास प्रथम मोतीबिंदू आठवतो. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, चष्मा मिळाला, की रुग्ण आनंदाने घरी जातो. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील पाण्याचा निचरा अडून बहुधा दाब वाढतो, दृष्टिनाडी हळूहळू सुकत जाते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा विकार होता.

थेंब, लेसर व नेहमीची शस्त्रक्रिया अपुरी पडली, की डोळ्यात सिलिकॉनची बारीक नळी बसवितात. तिच्यातून आलेले पाणी पांढऱ्या पटलावर शिवलेल्या चकतीभोवती साठते व तेथून जिरते. डॉ. अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये ३५० चौरस मिलिमीटर चकतीचे स्वदेशी इम्प्लांट आणले आणि परदेशी साधनाची किंमत न झेपणाऱ्या रुग्णांना मोठा आधार मिळाला.

परंतु नळी बसली म्हणजे काचबिंदू संपला नव्हे. चकतीभोवती जाड वेष्टन तयार होऊन दाब पुन्हा चढतो. मग थेंब पुन्हा सुरू करावे लागतात, प्रसंगी वेष्टन कापावे लागते, दुसरी नळी बसवावी लागते किंवा पाणी तयार करणाऱ्या भागावर लेसर द्यावा लागतो. काहींना एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. त्यावर प्रिझमच्या चष्म्याचा उपयोग होतो.

बुबुळावरील पारदर्शक पटलाची हानी याहून गंभीर. नळीचे टोक त्या पटलाच्या जवळ असेल, तर आतील पेशी वर्षानुवर्षे झडत राहतात व पटल सुजून धुरकट होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षांच्या काळात नळीच्या गटातील १६ टक्के रुग्णांत अशी टिकून राहणारी सूज आढळली. वेळीच लक्षात आले तर नळी आखूड करता येते किंवा मागे सरकवता येते. उशीर झाल्यास पटलाच्या आतील थराचे रोपण करावे लागते.

सर्वांत फसवी अवस्था नळी उघडी पडण्याची. पापणीच्या सततच्या घर्षणाने वरचे नाजूक आवरण विरते, जसे उंची वस्त्र घडीवरच विरावे, आणि नळी उघडी पडते. दुखत नाही म्हणून रुग्ण थांबतो. त्या वाटेने जंतू आत शिरले, तर डोळाच गमावण्याची वेळ येते. म्हणून उघडी नळी दात्याच्या पांढऱ्या पटलाच्या तुकड्याने झाकून वर आवरण शिवतात. संसर्ग झाला असेल तर प्रतिजैविके देऊन बहुधा नळी काढावी लागते. डोळा लाल होणे, दुखणे, पू येणे, नजर एकाएकी मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, मग शस्त्रक्रियेला दहा वर्षे का झालेली असेनात.

जामखेड वा अकोल्याच्या वृद्ध रुग्णाने नगरला येऊन तपासणी करावयाची म्हणजे एक दिवस, एसटीचे भाडे आणि सोबतीला घरातील माणूस. दिसत असताना हा खटाटोप कोण करणार? शिबिरांच्या अहवालांत शस्त्रक्रियांचा आकडा ठळक छापला जातो. पाच वर्षांनी किती जण तपासणीस आले, असा रकाना सहसा नसतो. तो असावयास हवा, आणि प्रवासखर्चाची तरतूदही.

नळी झाकणारा तो तुकडा नेत्रदानातून येतो. दात्याचे पारदर्शक पटल रोपणास अयोग्य ठरले, तरी संसर्गजन्य आजार नसल्यास पांढरे पटल नेत्रपेढीत जपून ठेवता येते. दात्याला चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी हरकत नाही. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवावे, कारण नेत्र सहा तासांच्या आत काढावे लागतात; तोवर पंखा बंद ठेवून दोन्ही पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा.