घरच्या संगणकातील आगंतुक

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘संगणक आणि विद्यार्थी’ असा ऐसपैस विषय मला देण्यात आला आहे. त्याच्या फायद्या-तोट्यांची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत मी आणखी एकाची भर घालणार नाही. मी बोलणार आहे ते एका लहानशा, पण घराघरांत शिरलेल्या उपद्रवाविषयी. संगणक सुरू करावा, अभ्यासाचे पान उघडावे, आणि पडद्याच्या कडेला जुगाराच्या, गोरे होण्याच्या मलमांच्या, कधी तर घरात चारचौघांत पाहता येणार नाहीत अशा जाहिराती झळकू लागाव्यात. शोधावी शिष्यवृत्ती आणि उघडावे भलतेच दुकान. हा अनुभव येथे बसलेल्यांपैकी अनेकांना आला असेल. पण तो कोणी बोलून दाखवीत नाही. लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी घरातल्या घरात जो निवाडा होतो तो बहुधा चुकीचा असतो.

माझ्या पाहण्यातले एक घर सांगतो. वडील आखातात नोकरीला, घरी आई, चुलते आणि दोन मुले. मुलगी दहावीला. एके संध्याकाळी चुलत्यांनी पडद्यावर एक अश्लील चित्र पाहिले. त्या रात्री आखातात फोन गेला, दुसऱ्या दिवशी इंटरनेटची जोडणी बंद झाली आणि संगणक चादरीत गुंडाळून कपाटावर चढला. मुलगी रडून सांगत होती की मी काही केले नाही. कोण ऐकतो? पुढे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर तो संगणक खाली आला तेव्हा त्यात सापडले ते एवढेच: पीडीएफ कागद एकत्र जोडून देणारे एक फुकटचे एक्स्टेन्शन. ते बसवले होते खुद्द अब्बांनी, सुट्टीवर आले असताना, आपल्या व्हिसाच्या कागदांसाठी. जाहिराती त्यातून येत होत्या. मुलीचे चार महिने गेले ते गेलेच.

म्हणून हे एक्स्टेन्शन म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आपण ज्यातून इंटरनेट पाहतो तो क्रोम, एज किंवा फायरफॉक्स हा ब्राउझर होय. त्याला एखादे जादा काम करता यावे म्हणून जे छोटे जोडकाम बाहेरून लावतात ते एक्स्टेन्शन. कोणी भाषांतर करून देते, कोणी पानाचा फोटो काढते, कोणी नमाजच्या वेळा दाखवते. यांतली बरीच उपयोगी व प्रामाणिक आहेत. पण काही अशी असतात की वरवर ते काम करतात आणि आतून जाहिराती पेरतात. त्यांना ॲडवेअर म्हणतात.

वर्तमानपत्राचे उदाहरण घ्या. छापखान्यातून अंक निघतो तेव्हा त्यात हस्तपत्रके नसतात. ती घडीत सरकवली जातात वाटेत, आणि वाचक मात्र संपादकाला बोल लावतो. येथेही तसेच आहे. संकेतस्थळाने पान स्वच्छ पाठवलेले असते. ते आपल्या ब्राउझरमध्ये पोचल्यावर एक्स्टेन्शन त्यात आपली पत्रके घुसडते. पत्त्याशेजारी कुलपाची खूण असली तरी त्याचा येथे उपयोग नाही. ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे, आणि हा तर आपल्या ओसरीवर येऊन बसलेला आहे. जो पान बदलू शकतो तो पान वाचूही शकतो. बसवताना पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते. तिचा अर्थ असा, की ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचण्याची व बदलण्याची मुभा’. ती न वाचता आपण बटण दाबतो. बँकेचे पान, ईमेल, मुलांचे अर्ज, सारे त्या एका ओळीत आले.

यात कोणाचा काय फायदा, असे कोणी विचारील. फायदा रोकडा आहे. जाहिरातीवर कोणी टिचकी मारली की पैसे. आपला शोध नेहमीच्या यंत्रणेऐवजी दुसऱ्याच यंत्रणेकडे वळवला की त्याचे पैसे. आपण काय पाहतो याची यादी विकली की त्याचे वेगळे. जाहिरात कोणाची दाखवायची हे आपल्या मुलाच्या आवडीवरून नव्हे, तर मोबदला कोण देतो यावरून ठरते. तेव्हा पडद्यावर दिसलेल्या घाणीवरून मुलाच्या मनाची परीक्षा करणे हा शुद्ध अन्याय आहे.

आता कोणी म्हणेल, आम्ही गूगलच्या अधिकृत दुकानातूनच घेतो. घ्यावे तेथूनच. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. आग्र्याचे अमित अगरवाल हे संगणकावर लिहिणारे एक प्रसिद्ध लेखक. त्यांनी २०१३ साली तासाभरात एक साधेसे एक्स्टेन्शन तयार केले. ते तीस हजारांहून अधिक लोकांनी घेतले. कोणी एक गिऱ्हाईक आले, चार आकडी डॉलर देऊ केले, यांनी ते विकले. नव्या मालकाने महिन्याभरात त्यात जाहिराती घातल्या, आणि ते नवे रूप सर्वांच्या संगणकांवर आपोआप पोचले, कारण एक्स्टेन्शनची सुधारित आवृत्ती न विचारता उतरते. अगरवाल यांनी २०१४ च्या जानेवारीत ही हकीकत स्वतःच जाहीर केली व विकल्याचा पश्चात्तापही व्यक्त केला. मग गूगलने ते काढून टाकले. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे, वीस लाखांवर लोक वापरत असलेले एक्स्टेन्शनही २०२० साली असेच दुसऱ्या हाती गेले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले. म्हणजे घेताना चांगले होते, एवढ्याने भागत नाही. एखाद्या एक्स्टेन्शनने जादा अधिकार मागितले तर क्रोम आपणांस पुन्हा विचारतो, हे खरे. पण सर्व पाने वाचण्याचा अधिकार पहिल्याच दिवशी देऊन बसलो असू, तर पुन्हा विचारायला उरले काय?

आपल्या देशाचा एक मामलाही सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या उपद्रवाची माहिती दिली. तो ब्राउझरचे पहिले पान व शोधयंत्र बदलून टाकी. जगात पंचवीस कोटी आणि त्यांपैकी एकट्या भारतात अडीच कोटी संगणकांवर तो पोचल्याचा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले, तो वाद सोडून देऊ. तो शिरायचा कसा, हे पाहण्याजोगे आहे: दुसऱ्या एखाद्या फुकट वस्तूच्या गठ्ठ्यात बांधून.

आता काढण्याकडे वळू. मुलांनो, हे नीट ऐका, कारण घरी हे काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

प्रथम रोगाची खात्री करा. विकिपीडिया उघडा. तेथे वर्गणीचे त्यांचे स्वतःचे आवाहन कधी दिसेल. पण मालाची जाहिरात विकिपीडिया घेत नाही. तेथेही मलमे आणि जुगार दिसले तर पाणी आपल्याच घरात मुरते आहे असे समजा. मग क्रोममध्ये ‘इन्कॉग्निटो’ नावाची खिडकी उघडून तेच पान पाहा. आपण मुद्दाम मुभा दिली नसेल तर त्या खिडकीत एक्स्टेन्शन चालत नाहीत. जाहिराती तेथे गायब झाल्या, तर चोर एक्स्टेन्शनच, दुसरा नाही.

त्यानंतर क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर जा, ‘एक्स्टेन्शन्स’ आणि त्यात ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’. एजमध्येही साधारण असेच. फायरफॉक्समध्ये ठिपक्यांऐवजी तीन आडव्या रेघा आहेत. समोर यादी येईल. प्रत्येक नावापुढे घरात विचारा: हे कोणी घेतले, कशासाठी? ज्याला धनी सापडत नाही ते ‘रिमूव्ह’ करा. नुसते बंद करून ठेवू नका. सगळीच ओळखीची निघाली तर सर्व बंद करून रोज एकेक चालू करा; ज्या दिवशी जाहिराती परततील त्या दिवशीचा पाहुणा दोषी. येथे मुलांना रागावू नका, नाहीतर यादीतल्या निम्म्या नावांचा धनी कधीच सापडणार नाही.

काढले तरी परत येते, ही तक्रार मी फार ऐकतो. त्याला तीन-चार कारणे असतात. एक तर विंडोजमध्ये त्याचा मूळ कार्यक्रम बसलेला असतो व तोच त्याला पुन्हा आणतो. म्हणून विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ उघडून, तारखेप्रमाणे लावून, उपद्रव सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी कार्यक्रम काढावेत. दुसरे, गूगल खात्याची ‘सिंक’ चालू असते. मामूंच्या दुकानातल्या संगणकावर तेच खाते उघडलेले असेल, तर तेथली पीडा येथे येते आणि येथली तेथे जाते. अशा वेळी सिंक थांबवून दोन्हीकडे सफाई करावी लागते. तिसरे कारण अधिक चिवट. ‘रिमूव्ह’चे बटणच चालत नाही आणि क्रोमच्या यादीत तळाशी हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात असल्याची इंग्रजी ओळ दिसते. घरच्या संगणकाला कोठली आली संस्था? एखाद्या अँटिव्हायरसनेही ती ओळ येऊ शकते. पण बटण चालत नसेल तर बहुधा ॲडवेअरने स्वतःला हुकूम लिहून घेतलेला असतो. त्यासाठी मालवेअरबाइट्स कंपनीचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे फुकट साधन त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, विंडोजमधील ‘सिक्युरिटी’ची पूर्ण तपासणी चालवावी, आणि तरीही हलले नाही तर जाणकारास दाखवावे. स्वतः रजिस्ट्रीत हात घालू नये. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे एक सफाईयंत्र होते, ते २०२३ साली काढून टाकण्यात आले. जुन्या पुस्तिका वाचून ते शोधत बसू नका.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट’ आहे, ते करावे. त्याने जपून ठेवलेले पत्ते व पासवर्ड जात नाहीत, पण बदललेले शोधयंत्र व पहिले पान पूर्ववत होते. आणि सफाई झाल्यावर बँकेचा व ईमेलचा पासवर्ड बदलावा. आधी बदलून उपयोग नाही, आगंतुक तो नवाही वाचील. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एक भास दूर करतो. कित्येकदा कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला’ अशा पाट्या येतात आणि एक्स्टेन्शन तर एकही नसते. ते नोटिफिकेशन होय. ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे कोणत्या तरी पानाने सांगितले आणि आपण दाबले. सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. तेथली अनोळखी नावे काढली की पाट्या थांबतात.

टाळण्याविषयी फार बोलत नाही, कारण हा उपद्रव येतो कोठून हे एकदा ध्यानात आले की पुरे. आपल्या घरांत तो मुख्यतः अर्जांच्या दिवसांत येतो. शिष्यवृत्तीचा फोटो अमुक केबीच्या आत हवा, दाखला पीडीएफमध्ये हवा. रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि उद्या शेवटची तारीख. मग मिळेल ते उतरवले जाते. फोटो लहान करण्यासाठी विंडोजमधील ‘पेंट’ पुरते, आणि बहुतेक कागद ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ म्हणून जतन करता येतात, त्यासाठी परका हात लागत नाही. अर्जाचा पत्ता शोधयंत्रात न शोधता, शाळेच्या फलकावर लिहिलेला असतो तो अक्षरशः टंकावा. दुसरी वाट चोरलेल्या खेळांची आणि ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरची. त्याविषयी मी हलाल-हरामाचे प्रवचन देत नाही, ते काम येथे अधिक योग्य मंडळी करतील. पण ज्याने कुलूप फोडून माल दिला तो आपल्या घराशी इमानाने वागेल, ही अपेक्षा तरी का धरावी? साधे सॉफ्टवेअर बसवतानाही ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत धावू नका. ‘कस्टम’ निवडा आणि आधीच लावलेल्या खुणा पुसा. ‘डेव्हलपर मोड’ चालू करा असे कोणी सांगितले तर पान बंद करा. एक्स्टेन्शनचे नाव दीनी आहे, त्यावर मशिदीचे चित्र आहे, म्हणून त्याला जादा मुभा देऊ नका. नमाजच्या वेळा दाखवायला आपली बँकेची पाने वाचण्याची गरज काय? बँकेसाठी क्रोममध्ये वेगळे प्रोफाइल करून त्यात एकही एक्स्टेन्शन न ठेवणे, ही सवय मला स्वतःला सर्वांत भरवशाची वाटते.

येत्या दोन रविवारी सकाळी दहापासून शाळेचा संगणक-कक्ष उघडा राहील. ज्यांना आपले यंत्र तपासून हवे आहे त्यांनी ते घेऊन यावे. लॅपटॉप असेल तर चार्जर विसरू नये, आणि ते यंत्र घरात जो रोज वापरतो, मग मुलगा असो वा मुलगी, त्यालाही सोबत आणावे. पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, आणि काढायचे काम मी त्याच्याच हातून करून घेणार आहे.