गरुडांची भूमीवरील झुंज



हवाई दल म्हटले की आपली दृष्टी आपोआप आभाळाकडे वळते. परंतु लढाऊ विमानाच्या आयुष्यातील बहुतेक काळ जमिनीवरच जातो, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाइतके असहाय दुसरे काही नाही. २००१ मध्ये जम्मू-काश्मीरमधील दोन हवाई तळांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, तेव्हा ही उणीव तीव्रतेने जाणवली. त्यातूनच २००४ मध्ये ‘गरुड’ हे हवाई दलाचे विशेष कमांडो दल उभे राहिले. मातेला दास्यातून सोडविण्यासाठी अमृत आणणाऱ्या पक्षिराजाचे नाव त्यास लाभले, हे मला फार समर्पक वाटते.

तळाचे रक्षण हे त्यांचे पहिले काम. पण तेवढेच नव्हे. शत्रूच्या प्रदेशात पडलेल्या वैमानिकास सोडवून आणणे, रडार निकामी करणे, आपल्या विमानांसाठी लक्ष्यावर लेसर किरण रोखून धरणे, हीही त्यांचीच कामे. उत्तर प्रदेशातील चांदीनगर येथे त्यांना ७२ आठवड्यांचे खडतर शिक्षण मिळते. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या तळावर अतिरेकी शिरले, तेव्हा या शिक्षणाची कसोटी लागली. त्या झुंजीत गरुड दलाचे गुरसेवक सिंग धारातीर्थी पडले.

पुढे लढाईचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा म्हणून गरुडांच्या तुकड्या काश्मीर खोऱ्यात भूदलासोबत पाठविण्यात आल्या. तो अनुभव महाग पडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बांदीपोरा जिल्ह्यातील हाजिन येथे महाराष्ट्राचे सुपुत्र सार्जंट मिलिंद खैरनार आणि कॉर्पोरल नीलेश कुमार नयन हुतात्मा झाले. जेमतेम महिन्याभराने, १८ नोव्हेंबरला, त्याच परिसरात बिहारचे कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला यांनी अतिरेक्यांच्या लपण्याच्या जागेजवळच दबा धरला. दोघांना त्यांनी टिपले, आणखी दोघांना जायबंदी केले. स्वतः गोळ्यांनी विद्ध झाल्यावरही त्यांचा मारा थांबला नाही. त्या चकमकीत सहाही अतिरेकी ठार झाले. निराला यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हवाई दलाकडे त्यापूर्वी आलेली अशोकचक्रे, सुहास बिस्वास यांचे आणि अंतराळवीर राकेश शर्मा यांचे, उड्डाणाशी निगडित होती. हे भूमीवरील लढाईचे होते.

निराला हे घरातील एकुलते एक पुत्र. मागे आईवडील, पत्नी, लहान मुलगी आणि बहिणी. २०१९ च्या जून महिन्यात त्यांच्या बहिणीचा विवाह होता. पदके आणि मानपत्रे यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. मला मात्र त्या मांडवातील दृश्य अधिक बोलके वाटते. दलातील सुमारे पन्नास सहकारी रोहतास जिल्ह्यातील त्या गावी गेले. खर्चासाठी त्यांनी आपसांत वर्गणी काढली होती. पाठवणीच्या वेळी भावाने बहिणीच्या पावलांखाली हात धरावे, असा तिकडचा रिवाज. तो भाऊ तेथे नव्हता. मग हे सारे जवान गुडघे टेकून रांगेने बसले, त्यांनी आपले तळवे जमिनीवर पसरले, आणि त्यांवर पाऊल ठेवीत वधू पुढे निघाली.