मुक्त साधनं आणि आपली शाळा
(दापोरा येथे मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, म्हणून लांबण लावत नाही. मंडळाने आम्हाला विषय दिला तो शाळेच्या वर्गात वापरता येणाऱ्या मुक्त संगणकीय साधनांचा. आम्ही शिक्षक नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत आलेलो. तेव्हा शिकवावं कसं हे गुरुजींनी सांगावं. यंत्र कशावर चालतं, का पडून राहतं आणि पैसा कुठे वाया जातो, एवढंच आम्ही सांगू.

आधी ‘मुक्त’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावात केळीचा दाखला दिल्याशिवाय गोष्ट पटत नाही. पूर्वी नवी बाग लावायची तर शेजाऱ्याच्या बागेतून कंद आणायचे. त्याने दिले, आपण लावले, पुढच्या साली आपण तिसऱ्याला दिले. कोणी पावती मागितली नाही की वाटू नको म्हणून बजावलं नाही. मुक्त सॉफ्टवेअर तसंच असतं. आतली मांडणी उघडी असते. कुणीही वापरावं, दुरुस्त करावं, आपल्या भाषेत आणावं आणि दुसऱ्याला द्यावं.

फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, हे आईवडिलांनी नीट समजून घ्यावं. आमच्या परिचयातल्या एका घरी मुलासाठी शिकवणीचं ॲप घेतलं. पहिला महिना फुकट, मग हप्ते. हप्ता थकला त्या दिवशी ॲप बंद, आणि पोराने सोडवलेलं सगळं त्याच्यासोबत कुलूपबंद. कंपनीचं नाव घेत नाही. अशा अनेक आहेत. फुकट दिलेलं मालक परत घेऊ शकतो. मुक्त दिलेलं परत घेता येत नाही.

आता अनुभव कुठे कुठे आहे ते सांगतो. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैरात नावाची छोटी वस्ती आहे. 2007 साली तिथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा आपल्या देशातला तो पहिला प्रयोग. आतलं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं मुक्त होतं. त्याआधीच, 2006 साली, दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाने ही योजना नाकारली होती आणि पुढेही ती देशभर पसरली नाही. तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू देशाने हेच लॅपटॉप लाखोंनी वाटले. 2012 साली त्याचा अभ्यास बाहेर आला, तर मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र पोचलं, पण ते धड्याला कसं जोडायचं हे गुरुजींना कोणी पुरेसं शिकवलं नव्हतं. म्हणून देणगीदारांना आमची विनंती, की संगणक देताना फोटो काढा, हार घाला, पण दोन शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोयही त्याच दिवशी करा.

केरळने उलट क्रम धरला. 2001 साली त्यांनी शाळांसाठी संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले आणि शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर आणले. परवान्याचा खर्च वाचला, आणि बिघाड झाला तर हात घालणारा माणूस शाळेतच मिळू लागला. आम्हाला हा दुसरा फायदा मोठा वाटतो. बुऱ्हाणपूरहून मेकॅनिक येईपर्यंत सत्र संपतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला ठाऊक आहेत. पुस्तकात क्यूआर कोड छापायचा, तो मोबाइलने टिपला की धड्याचा व्हिडिओ किंवा कविता उघडते, ही त्यांची कल्पना पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आली. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ स्पर्धकांना वाटली. आपल्या मुलांच्या पुस्तकांतही तशा काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. आज घरी गेल्यावर एक टिपून बघा. त्यातून ‘दीक्षा’ उघडतं. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेलं हे सरकारी व्यासपीठ ‘सनबर्ड’ नावाच्या मुक्त प्रणालीवर उभं आहे. सनबर्ड म्हणजे आपला शिंजीर, केळफुलाशी लटकणारा.

तुम्ही म्हणाल, नेट कुठे आहे? बरोबर आहे. पावसात टॉवर गेला की फोनसुद्धा लागत नाही. त्यासाठी ‘कोलिब्री’ आहे. एकदा शहरात बसून धडे, व्हिडिओ, सराव उतरवून घ्यायचे आणि शाळेतल्या एका संगणकात ठेवायचे. मग नेटशिवाय वर्गातले बाकीचे संगणक, मोबाइल त्याच्याकडून धडे घेतात. त्याचे पडदे मराठीतही दिसतात. विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ आहे. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 साली ते सुरू केलं. वायर जोडा, बल्ब पेटतो. चुकीची जोडा, पेटत नाही. आम्ही विजेचं शिकलो तेव्हा फळ्यावरच्या खडूच्या बल्बवर भागवलं. अर्थात खरा सेल आणि खरा बल्ब हाताशी असेल तर आधी तोच वापरावा. पडदा त्यानंतर.

सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. आपल्या घरात मराठी, शाळेच्या पुस्तकात बरेचदा हिंदी. पोरगं आजीशी मराठीत बोलतं, पण मराठीत चार ओळी लिहायला सांगितल्या की अडतं. हे असंच चाललं तर पुढच्या पिढीत या स्मरणिकेला लेख कोण देणार? प्रथम बुक्सने 2015 साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. त्यावर चित्रांच्या गोष्टी आहेत, मराठीतल्याही पुष्कळ. परवाना मुक्त, म्हणजे छापा, वाटा, आणि स्वतः भाषांतरही करा. पाचवी-सहावीच्या मुलांनी एक हिंदी गोष्ट घ्यावी, घरी आजीला विचारून मराठी करावी, गुरुजींनी तपासावी आणि आपण ती छापून वर्गात टांगावी. आजीने गावाकडचा शब्द सांगितला तर तोही राहू द्यावा. यात संगणक एकच लागतो. आजी मात्र घरोघरी लागते.

मंडळापुढे आमचं मागणं थोडकं आहे. यंदा वर्गणीतून जे उरेल त्यात नवं, चकचकीत काही घेऊ नये. कुणाच्या घरी, दुकानात जुने संगणक पडून असतील ते द्यावेत. आम्ही आणि आमचे दोन सहकारी मित्र त्यांत लिनक्स घालून देऊ. जुन्या यंत्रावर ते बरं चालतं. रविवारी दोन तास शाळेत बसायचीही आमची तयारी आहे. लागेल ती एक मोठी हार्ड डिस्क, लाइट जाते म्हणून एक यूपीएस, आणि त्या खोलीची किल्ली. किल्ली कुणाकडे राहील ते मात्र आजच ठरवा, कारण संगणकाची खोली बंद राहते ती बहुधा किल्लीमुळेच.