निसटत्या क्षणाचें छायाचित्र

घरांतील समारंभाचें छायाचित्र बिघडलें, तर मंडळींस पुन्हां उभें करितां येतें. शास्त्रज्ञापुढील घटना मात्र निमिषांत नाहींशी होते. तिच्या छायाचित्रास प्रकाश किती व किती काळ द्यावयाचा, हें आधींच ठरवावें लागतें.

ह्याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. लोटे-परशुरामपासून विजयदुर्गापर्यंतचा मुलूख तेव्हां एकाच रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया ह्या जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरून देशावर सरकली. विजयदुर्गास इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आले होते. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं तळ दिला होता. खग्रास स्थिति सुमारें दोनच मिनिटें टिकावयाची होती. त्यांतहि सूर्याच्या कडेवरील तप्त वायूंच्या पातळ थराचा वर्णपट चमकतो, तो केवळ कांहीं सेकंद. आणि तेवढ्यांत तो सारखा पालटत जातो.

त्या काळीं प्रकाशग्राही लेप दिलेल्या काचा वापरीत. काचांमागून काचा बदलाव्या, तर मधले क्षण निसटतात. एकच काच उघडी ठेवावी, तर सारे क्षण एकमेकांत मिसळतात. कॅम्बेल यांनीं काचेपुढें अरुंद फट ठेवून तिच्यामागून काच सारख्या वेगानें सरकविली. त्यामुळें काचेच्या प्रत्येक भागावर निराळा क्षण उमटला. श्रोत्यांनीं कल्पना करावी, कीं फट एक मिलिमीटर रुंद आहे आणि काच सेकंदास दोन मिलिमीटर सरकते. मग प्रत्येक भागास अर्धा सेकंद प्रकाश मिळेल. वेग वाढविला, तर क्षण अधिक स्पष्टपणें वेगळे होतात, परंतु चित्र फिकें पडतें.

१९३१ सालीं डोनाल्ड मेन्झेल यांनीं त्या थराविषयीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यास कॅम्बेल यांच्या अशाच काचांचा आधार होता.

पुढें स्फोटांचीं चित्रें घेतांना सरकती काच अपुरी पडली. तेव्हां फिल्म स्थिर ठेवून, वेगानें फिरणाऱ्या आरशानें प्रतिमाच तिजवरून फिरविण्यांत आली. हिशेब तोच राहिला. मात्र एक नवी अडचण आली. अत्यल्प काळांत पडलेला प्रकाश फिल्म पुरता नोंदीत नाहीं. गणितानें येतो त्याहून अधिक द्यावा लागतो. म्हणून त्याच फिल्मवर, तितक्याच अल्प काळाच्या झोतानें, आगाऊ चांचणी घेण्याची रीत पडली.