तोंड उघडत नसेल तर पाण्याकडे पाहा



आज मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे, तो तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला नसेल. मीही पाहिला नव्हता. माझी मुलगी नागपूरला शिकते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती शहापूरला घरी आली ती दोन फुटांची काचेची टाकी घेऊनच. टाकीत वीतभर लांबीचा, गुलाबी अंगाचा, चार पायांचा एक जीव होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल तुरे. वसतिगृहात ठेवू देईनात म्हणून आमच्याकडे आणला. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर पाण्यातली पाल. घरात पाली काय कमी होत्या?"

त्याला ॲक्सोलॉटल म्हणतात. पाल नव्हे, तो बेडकाच्या गोतातला उभयचर. बेडकाची पिल्लं मोठी होताना शेपटी टाकतात, कल्ले टाकतात आणि जमिनीवर येतात. हा मात्र जन्मभर लहान मुलासारखाच राहतो, शेपटी आणि कल्ले राखून, पाण्यातच. ते लाल तुरे म्हणजेच त्याचे कल्ले. त्याचं मूळ घर मेक्सिको शहराजवळ, शोचिमिल्कोच्या कालव्यांत. ती जागा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे पाणी थंड. १८६४ मध्ये तिथून चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले होते, आणि आज जगभरातल्या टाक्यांत जे दिसतात त्यांतले पुष्कळ त्यांचेच वंशज. मूळ जागी मात्र आता तो अगदी थोडा उरला आहे. मेक्सिकोच्या पन्नास पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. नोटेवर मान, आणि कालव्यात जागा नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की लेकीनं विश्वासानं एक जीव माझ्या हवाली केला आहे. "आई, आठवड्यातून तीनदा खायला दे, बाकी काही करू नको," एवढं सांगून ती गेली. मी दाणे टाकायची, तो तोंड उघडून दाणा पाण्यासकट आत ओढायचा. सव्वा महिना सगळं ठीक चाललं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यानं खाणं बंद केलं.

आता आपण बायका काय करतो? घरात कुणी जेवलं नाही की पहिला विचार ताटाचा. भाजी आवडली नसेल, दुसरं काही करून देऊ. मीही तेच केलं. दाणे बदलले. उकडलेल्या अंड्याचा बलक टाकला. तो विरघळून पाणी पांढरं झालं. शेजारच्या काकूंनी कणकेच्या गोळ्या सुचवल्या, त्याही टाकल्या. मग कुणीतरी सांगितलं की याला गांडूळ फार आवडतो. आमच्या बचत गटाच्या गांडूळखताच्या टाक्या आहेत, तिथून चार लाल गांडूळ आणले. त्यानं एक तोंडात घेतला आणि थू करून बाहेर टाकला. मला वाटलं, आता संपलं. मुलीला फोनवर सांगायची हिंमत होईना. सात दिवस मी तिला खोटं सांगितलं, "खातो आहे, खातो आहे."

आठव्या दिवशी मासोळ्या विकायला येणारी मावशी दारात आली. ती ढिवरांच्या मोहल्ल्यातली, सगळा जन्म तलाव-बोड्यांवर गेलेला. मी तिला आत बोलावून टाकी दाखवली. तिनंही असा प्राणी कधी पाहिला नव्हता. पण ती वाकून काचेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, उन्हाळ्यात बोडीचं पाणी तापलं का मासोळी चारा घेत नाही. तिच्या तोंडात काय पाहता? पाण्यात हात घाला."

मी हात घातला. पाणी कोमट होतं. तापमापी आणून लावली तेव्हा ३१ अंश. आणि या प्राण्याला हवं असतं १६ ते १८. वीसपर्यंत तो चालवून घेतो. चोवीसच्या वर गेलं की त्याच्या जिवावर बेततं.

मैत्रिणींनो, मला आज सांगायचं आहे ते इथंच आहे. पाण्यातला प्राणी जेवत नसेल तर नव्वद टक्के वेळा दोष ताटाचा नसतो, पाण्याचा असतो. नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा, मोजून काढलेला नाही. आपण हवेत राहतो, हवा बिघडली तर खिडकी उघडतो. त्याला खिडकी नाही. तो ज्यात श्वास घेतो त्यातच मुततो, त्यातच राहतो. शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. १८ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण साडेनऊ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि तापलेल्या पाण्यात त्या जिवाला श्वास मात्र जास्त लागतो. मिळकत घटली आणि खर्च वाढला, असा तो हिशेब.

पण उन्हाची गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी सांगायला मला लाज वाटते. ती माझ्या स्वच्छतेची आहे.

टाकीत एक गाळणी होती, आत स्पंज. तो शेवाळलेला, तपकिरी, हाताला बुळबुळीत. मी दर रविवारी तो नळाखाली साबण लावून पांढराशुभ्र होईपर्यंत धूत होते, टाकीची काच घासत होते आणि पाणी पूर्ण बदलत होते. मला कौतुकाची अपेक्षा होती. झालं उलटंच. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. त्या बुळबुळीत थरात जिवाणू राहतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं सौम्य. हे जिवाणूंचं घर वसायला महिना-दीड महिना लागतो, आणि मी ते दर रविवारी पाडत होते. वरून ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी, त्यात टीसीएल पावडर. ती आपल्यासाठी हवीच, पण क्लोरीननं जिवाणूही मरतात आणि त्या प्राण्याची नाजूक कातडीही पोळते. आणि पाणी शिळं करून ठेवायचं म्हणून मी ते कशात ठेवत होते? सासूबाईंच्या तांब्याच्या घागरीत. आपल्याला तांबं चांगलं म्हणतात. पाण्यातल्या प्राण्यांना आणि उभयचरांना तेच तांबं विष ठरतं.

मग काय केलं ते सांगते, कारण तुमच्या घरी ॲक्सोलॉटल नसला तरी सोनेरी मासे असतील, तिथंही यातलं बरंच लागू पडतं.

पहिल्यांदा त्याला टाकीतून काढून एका स्वच्छ प्लास्टिकच्या टबात ठेवलं. टब नवा, साबण कधी न लागलेला. त्यात चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी, प्लास्टिकच्या बादलीतलं. आमच्या पाण्याला चोवीस तास पुरतात. काही ठिकाणी वेगळं रसायन घालतात, ते असं उडत नाही, त्यासाठी दुकानात क्लोरीन मारणारं औषधाचं बाटलीभर द्रावण मिळतं. आरओचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि या प्राण्याला थोडं जड पाणीच मानवतं. टबातलं पाणी रोज पूर्ण बदललं. टबात जिवाणू नसतात, म्हणून तिथं रोज बदलावंच लागतं. टाकीत मात्र आठवड्याला पाव भागच बदलायचं, आणि स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकेच पिळायचा. अमोनिया मोजायचा संच मुलीनं नागपूरहून पाठवला. तोवर मी तिला खरं सांगून टाकलं होतं. ती रडली, आणि मग रागावली. खाण्यापिण्यापेक्षा खोटं बोलल्याचा राग जास्त होता. बरोबरच होतं तिचं.

दुसरं काम थंडाव्याचं. एप्रिलमध्ये भंडाऱ्यात पाणी वीस अंशांवर ठेवायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. टाकी खिडकीजवळून काढून माजघरात नेली. फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोलचे तुकडे तिन्ही बाजूंनी आणि खाली लावले. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा ठेवला. माठ जसा पाझरून गार होतो तसंच हे, पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय दोन-तीन अंश उतरवतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो फारसा चालत नाही, कारण तेव्हा हवेतच ओल असते. बाकी काम गोठवलेल्या बाटल्यांचं. एक लिटरची बर्फाची बाटली साठ लिटर पाणी साधारण दीड अंशानं उतरवते, हा हिशेब घरच्यांनी बसून केला आणि तापमापीनं तो खरा ठरवला. बाटली बंदच ठेवायची, बर्फ पाण्यात टाकायचा नाही. आणि एकदम गार करायचं नाही. ३१ वरून २१ वर यायला आम्ही तीन दिवस घेतले. दिवस-रात्र तीन-तीन तासांनी बाटल्या बदलल्या. वीज गेली की सगळ्यांचा जीव टांगणीला. फ्रिजमध्ये भाजी ठेवायला जागा उरली नाही, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

टाकीच्या तळाशी रंगीत खडे होते, तेही काढले. हा प्राणी चावत नाही, तोंड उघडून ओढतो. समोरचा खडाही आत जातो आणि पोटात अडकतो. मग तो खाणार कसा? तळ मोकळा ठेवा, किंवा अगदी बारीक वाळू.

आणि गांडुळाचं कोडंही उलगडलं. खताच्या टाक्यातले ते लाल गांडूळ धोका दिसला की कडू द्रव सोडतात. ॲक्सोलॉटल आजारी नसला तरी बरेचदा ते थुंकून टाकतो. सांदवाडीतल्या ओल्या मातीतला साधा गांडूळ हवा, आणि तो अशा जागेतला जिथं युरिया किंवा फवारणी पडलेली नाही. धानाच्या बांधीतला नको. स्वच्छ पाण्यात धुवायचा, जाडा असेल तर कापून त्याच्या डोक्यापेक्षा लहान तुकडा करायचा. त्याची नजर कमजोर असते, म्हणून चिमट्यात धरून नाकासमोर हळूच हलवायचा. घेतला तर ठीक. नाही घेतला तर काढून टाका, उरलेलं पाण्यात राहू देऊ नका. मटण, कोंबडी, भात, कणीक काहीही नको. आणि तोंड उघडून कोंबायचं तर मुळीच नाही. त्याचा जबडा हाडाचा कमी आणि कूर्चेचा जास्त असतो, सहज मोडतो.

किती दिवस वाट पाहायची, असं तुम्ही विचाराल. लहान पिल्लू असेल तर तीन-चार दिवसांतच हालचाल करा. वाढलेला प्राणी पंधरा दिवस न खाताही तग धरतो, जर पाणी चांगलं असेल तर. पोट डोक्याच्या रुंदीएवढं दिसलं पाहिजे, त्याहून बारीक होत गेलं तर काळजी. कल्ल्यांचे तुरे आक्रसले, पुढे वळले, अंगावर कापसासारखा पांढरा बुरा आला, जखम दिसली, किंवा तो उलटा तरंगू लागला, तर घरगुती उपाय थांबवा. ओळखीच्या पशुवैद्यांना आधी फोन करून विचारा की ते उभयचर पाहतात का, नसतील तर कोण पाहतं. आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. माशांच्या दुकानातलं निळं-हिरवं औषध मात्र स्वतःच्या मनानं घालू नका. त्यातल्या काहींत तांबं असतं.

आमच्याकडे सतराव्या दिवशी, पहाटे पाच वाजता बाटली बदलताना, मी सहज चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरला. पाणी २० अंश होतं. त्यानं डोकं वळवलं आणि टपकन ओढून घेतला. मी एकटीच जागी होते. आणखी एक दिला. तोही घेतला. मग मी मुलीला फोन केला, तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि या वेळी खरं सांगितलं.

नवतप्याचे नऊ दिवस आम्ही कसेबसे काढले. पण त्याच दिवसांत माझं मत ठरलं. ज्या प्राण्याला जगवायला मे महिन्यात दर तीन तासांनी उठावं लागतं, तो शहापूरच्या घरात ठेवणं बरं नाही. त्याच्याही नाही आणि आपल्याही नाही. मुलीशी यावरून दोन महिने अबोला होता. तिचं म्हणणं, तू वाचवलंस तर आता ठेव. माझं म्हणणं, पुढच्या एप्रिलला वीज गेली तर? कुणीतरी सुचवलं की तलावात सोडून द्या, आपल्या जिल्ह्यात तलावांना काय तोटा. तसं कधी करू नका. तो उन्हाळ्यात मरेल, आणि मरण्याआधी इथल्या बेडकांना परका रोग देऊन जाईल.

शेवटी नागपूरच्या एका घरी दिला. तिथं पाणी थंड ठेवणारं यंत्र आहे आणि त्याच्यासारखे आणखी दोन आहेत. देताना एक गोष्ट कळली तीही सांगून ठेवते. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि २०२२ च्या सुधारित वन्यजीव कायद्यानंतर असा प्राणी घरी असेल तर त्याची सरकारकडे नोंद करावी लागते. २०२४ मध्ये त्याचे नियम आले. नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर होते, आणि प्राणी दुसऱ्याला दिला तर त्याचीही. दुकानदार हे सांगत नाही. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून आठवड्याला एक फोटो येतो. मोबाईल वाजला की सासूबाई माजघरातून विचारतात, "पाल जेवली का?"