सागाच्या शंभरात ऐन कुठे बसतो?



घोटीत जमलेल्या तुम्हा वखारवाल्यांसमोर आणि सुतारांसमोर अध्यक्ष म्हणून बोलताना प्रथेप्रमाणे लाकडाच्या धंद्याचा आढावा घ्यायला हवा. चौकटी प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमकडे चालल्या आहेत, परदेशी साग वखारीत भरला आहे, रंधा धरणारी पोरं कमी होत आहेत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून आढावा इथेच थांबवतो आणि जे बोलण्यासाठी बरीच वर्षं थांबलो होतो ते बोलतो. मला ऐनाच्या झाडाबद्दल बोलायचं आहे.

डेहराडूनची वन संशोधन संस्था 1906 सालची. तिथे भारतीय लाकडांची तुलना करायची ठरली तेव्हा सागाला शंभर गुण धरले आणि बाकीची झाडं त्याच्याशी ताडून पाहिली. वजन, ताकद, कठीणपणा, आकार टिकवणं, प्रत्येकाचा वेगळा आकडा. मोजायला काहीतरी पाया लागतोच, त्यात वावगं नाही. पण त्या तक्त्यात वजनाला आणि कठीणपणाला ऐन सागाच्या वर आहे, हे आपल्यापैकी किती जण गिऱ्हाइकाला सांगतात? वाळलेल्या सागाचा घनफूट अठरा-एकोणीस किलो भरतो, ऐनाचा तेवीस ते पंचवीस. ऐन मागे पडतो तो आकार टिकवण्यात. तेवढी एक ओळ आपण पाठ केली आणि अख्ख्या झाडाला नापास केलं.

सागाशी माझं वैर नाही. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं ‘ट्रिंकोमाली’ बांधलं, ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. चांदवडच्या रंगमहालातलं कोरीवकाम पाहिलं की हात आपोआप जोडले जातात. सागात तेल आहे, तो वाळवीला दाद देत नाही, पटाशीखाली लोण्यासारखा चालतो. पण गोठ्याच्या मेढीला, भाताच्या कोठाराच्या तुळईला, जिन्याच्या पायरीला जहाजाचं लाकूड कशाला हवं? आपल्या डोंगरातल्या ठाकर आणि महादेव कोळी घरांची आढी-मेढी पाहा. तिथे ऐन उभा आहे.

सकाळच्या परिसंवादात दोघा मित्रांची जुंपली. एक म्हणाले ऐन तडकतो, दुसरे म्हणाले किडतो. मी खाली बसून ऐकत होतो, आता उत्तर देतो. इथल्याच एका जुन्या भाताच्या गिरणीचं छप्पर उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तुळया ऐनाच्या. वरची पांढरी, म्हणजे सालीखालचं फिकं लाकूड, पोखरलेली होती, बोटाने भुगा होत होता. मालक म्हणाले, सरपणाला द्या. मी करवत घातली, तर आतला गाभा काळसर तपकिरी, गडद रेघांचा आणि इतका टणक की पातं पुन्हा पुन्हा धार लावून घ्यावं लागलं. त्या गाभ्याच्या पायऱ्या केल्या, त्या अजून वापरात आहेत. कीड लागते ती पांढरीला. पांढरी तासून काढायचा कंटाळा करायचा आणि दोष ऐनाला द्यायचा, हा न्याय नव्हे.

आता तडकण्याचं. एका सरकारी इमारतीच्या चौकटींना ऐन आणला होता. झाड पाडून पंधरवडाही झाला नव्हता. ऐन हे पाणी साठवणारं झाड आहे. भर उन्हाळ्यात काही झाडांच्या फुगीर बुंध्याला चीर दिली की पाणी वाहतं, हे रानातल्या माणसांना चांगलं माहीत आहे. अशा झाडाच्या ओल्या चौकटी वैशाखात भिंतीत बसवल्या. फाटायच्या त्या फाटल्याच. मी काम सुरू असतानाच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. शेरा मात्र पडला, ‘ऐन निकृष्ट’. त्यानंतर तिथल्या निविदांत ऐनाचं नाव मी पाहिलं नाही. हे मला अजून बोचतं.

लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या अंगाने आकसतं, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने तर गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. बाहेरचा थर झटपट वाळला आणि आत ओल राहिली की तडा जातो. म्हणून ऐनाला सावकाश वाळवावं लागतं. ओला असतानाच पावसाळ्यात कापायचा, टोकांना डांबर किंवा मेण लावायचं, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून छपराखाली रचायचा, वर वजन ठेवायचं, गरम वाऱ्यापासून आडोसा करायचा. इंचभर जाडीला वर्षभर धरा. इगतपुरी-घोटीच्या पावसाला आपण लाकडाचा शत्रू म्हणतो. मी म्हणतो, ऐन सुकवायला याहून चांगली हवा शोधून सापडायची नाही. छप्पर पक्कं हवं आणि वारा खेळता हवा, एवढीच अट.

इंग्लंडात याच झाडाचे पातळ पापुद्रे ‘इंडियन लॉरेल’ म्हणून उंची कपाटांना चढले. विदर्भात याच्या पाल्यावर टसरचे किडे पोसतात. आणि आपण? आपण दरवर्षी त्याचे हातपाय तोडतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, त्याला जाळायला टाहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, लागतो आणि तो ऐनाचाच काढला जातो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, भात पिकलं नाही तर घर चालत नाही. पण बांधावरची सगळीच झाडं ओरबाडायची गरज नाही. वारंवार खोडलेला ऐन गाठाळ होतो, वाकडा वाढतो, मग वखारवाला त्याला सरपणाचा भाव देतो. सरपणाचा भाव मिळतो म्हणून शेतकरी तो जपत नाही. शिवाय 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ऐन आहे. तोडायला परवानगी हवी आणि ती असलीच पाहिजे. मात्र त्या खटाटोपाच्या शेवटी शेतकऱ्याच्या हाती सरपणाचे पैसे पडणार असतील, तर तो झाड लावील कशाला? हे चक्र तोडणं वखारवाल्यांच्या हातात आहे. सुकलेल्या ऐनाला वेगळा भाव लावा. ओला ऐन चौकटीला विकू नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

घोटीत एक सामाईक सुकवण्याची शेड व्हावी, असं मनात आहे. जागा आणि पैसा यांचं कार्यकारिणी पाहील. सुतारकामाच्या अभ्यासक्रमात स्थानिक लाकडांचा तास असावा, त्यासाठी पत्रव्यवहार करू. ऐन, किंजळ, हेद, धावडा यांच्या नमुन्यांच्या पाट्या करून प्रत्येक वखारीत टांगण्याचंही ठरवावं लागेल. दर बांधावर दोन-तीन सरळ ऐन राबासाठी न खोडता सोडायला जे शेतकरी तयार आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्यावीत. त्यांच्या मालाला कोणता भाव द्यायचा ते दुपारच्या बैठकीत वखारवाल्यांसमोरच ठरवू.