मरणाची टॅली

गोदीत पोतं फाटलं तरी टॅलीवर वेगळं मांडतात. माणसाचं तसं नाय. २०२० साली देशात ८१ लाखांवर मृत्यू नोंदले; डॉक्टरनं कारण लिहिलेले २२.५ टक्के. बाकीचे कशानं गेले?

आणि लिहिलेलं तरी काय? आमच्या टोळीतला गडी गंधकाची धूळ खाऊन वर्षभर खोकत होता. कागदावर : 'हृदयक्रिया बंद'. अरे, ती तर सगळ्यांचीच बंद पडते! नियम सांगतो, मूळ आजार लिहा. धंद्याच्या रकान्यात 'मजुरी'. कसली, कुठल्या धुळीतली? गडी वहीत सापडत नाय, म्हणून धूळही सापडत नाय.

२०२३ च्या दुरुस्तीनं इस्पितळानं कारणाची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे. प्रेत उचलण्याआधी ती मागा. वाचून घ्या.